अकरा वाजताची कॉफी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारातच उभं करून दोनदा खोल श्वास घेतला आणि विचारलं, रात्री डासांची कॉइल लावतेस का. मी म्हटलं, लावते, तुमच्या तंजावरात डास काय कमी आहेत? तर म्हणाले, या घरात कॉइल नाही, उदबत्ती नाही, धूप नाही, मच्छरदाणी देतो. मग देवापुढं काय लावता, असं मी जरा खवचटपणेच विचारलं. "फूल लावतों," ते म्हणाले. "देवास नाक आहे गे, खोकला नको व्हायला."

मी सांगलीची. उलट उत्तर ही आमच्याकडे जन्मजात देणगी असते, पण त्या दिवशी मी ती आवरती घेतली. एक तर उन्हात पाच घरं बघून पाय मोडले होते, आणि दुसरं म्हणजे हा माणूस मराठी बोलत होता. अशी मराठी, की जणू पणजोबांच्या पत्रातून उठून कोणी ती बोलायला बसलंय. ‘मज’, ‘तुज’, ‘कोठें’, ‘बरें’. मधेच तमिळ हेल, मधेच एखादा अख्खा तमिळ शब्द. पिढ्यान् पिढ्या तिथं राहिलेल्या मराठी घरांमध्ये अशीच बोलतात. मला ती जशीच्या तशी लिहिता यायची नाही, चुकलं तर तिकडच्या लोकांनी पोटात घालावं. सामान घेऊन मी त्याच संध्याकाळी राहायला आले.

सगळी गल्ली त्यांना ‘मामा’ म्हणायची, त्यांच्या बायकोला ‘मामी’. तिकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात, नातं असो नसो. मामा ओरत्तनाडूच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगानं काटकुळे, आणि चेहऱ्याचा बराचसा भाग नाकानंच व्यापलेला. ते नाक नुसतं दाखवायला नव्हतं. ते नाक म्हणजे त्यांचं दुसरं शिक्षण होतं. जिन्यात समोर आलं की ‘काय गे, बरी आहेस?’ च्या ऐवजी ‘दुपारी मेथी?’ असं विचारायचे, आणि दुपारी मेथीच खाल्लेली असायची.

मामी सांगायच्या, मुलगी बघायला आले तेव्हा या गृहस्थांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. शिऱ्याची बशी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, तूप महिन्याचं आहे. मामींचे वडील भडकले. मामींना मात्र वाटलं, हा माणूस खोटं बोलायचा नाही. एवढ्यावर लग्न ठरलं. पन्नास वर्षं झाली, असं म्हणून त्या सुस्कारा सोडायच्या, आणि तो सुस्कारा तक्रारीचा आहे की कौतुकाचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तिथं गेले होते ती एका संस्थेच्या कामावर. कागदावर कामाचं नाव लांबलचक होतं, ग्रामीण भागातील आदिवासी वस्त्यांमधील हवेच्या गुणवत्तेचे निरीक्षण. प्रत्यक्षात काम असं, की जेवणाच्या डब्याएवढी पांढरी यंत्रं पिशवीत घालून गावोगाव हिंडायचं, ती बांबूला बांधायची आणि हवेत किती बारीक धूळ-काजळी आहे याची वरखाली होणारी रेघ फोनवर बघत बसायचं. मी पहिलं यंत्र घरी आणलं तेव्हा मामांनी ते चारी बाजूंनी पाहिलं, अर्थातच हुंगलं, आणि निकाल दिला की यंत्र बरं आहे, पण यंत्रास नाक नाही. ते किती ते सांगेल, कोणाचं ते सांगणार नाही. मला राग आला. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांनी बनवलेल्या वस्तूला हा म्हातारा नाक नाही म्हणतो म्हणजे काय? पुढे मला हे वाक्य फार महागात समजलं.

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे वेष्टी, तिकडची पांढरी लुंगी. रोज एक ओली वेष्टी गच्चीवर वाळत घालायची, पण ती सुकवायला नव्हे, तर हवेतलं काय काय तिच्यावर बसतं ते बघायला. संध्याकाळी ती खाली आणून भिंग लावून बघायचे. मोपेडच्या दिव्यावर पातळ मलमलीचं फडकं बांधलेलं असायचं. बाजारातून फेरी मारून आले की ते सोडून उजेडात धरायचे. पोलिसानं एकदा अडवलं तर त्यालाच फडकं दाखवून म्हणाले, हे तुझ्या चौकातलं, दिवसभर तू हेच गिळतोस. पोलिसानं दुसऱ्या दिवसापासून तोंडाला रुमाल बांधला.

आणि वही. रोज सकाळी पाच वाजता उठून गच्चीवर जायचे, डोळे मिटायचे आणि मग वहीत लिहायचे: वारा कुठला, वास कसला, खोकणारे किती. ही वही जगात दुसऱ्या कोणाला वाचता येणं शक्य नव्हतं. कारण मामांची शाळा तमिळ, भाषा मराठी, आणि देवनागरी त्यांना कोणी शिकवलीच नव्हती. तेव्हा ते मराठी लिहायचे तमिळ अक्षरात. तमिळ माणसानं वही उघडली तर त्याला अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. मला ऐकून अर्थ लागला असता, पण अक्षरं म्हणजे नुसती जिलबी. मामी म्हणायच्या, या तिजोरीला कुलपाची गरज नाही.

माझ्या भांडकुदळपणावर त्यांचं एकच औषध होतं: आधी लिही, मग भांड. आमच्या मागच्या बाजूला एक शिंपी होता, तो रोज संध्याकाळी चिंध्या जाळायचा. नायलॉनच्या चिंध्या, डोळ्यांची आग व्हायची. मी तावातावानं जिना उतरले तर मामांनी मला परत बोलावलं आणि आठवडाभर लिहायला लावलं, किती वाजता, किती वेळ, वास कसला. आठव्या दिवशी आम्ही दोघं माझी वही घेऊन गेलो, मी वाचत गेले आणि मामांनी त्याला त्याचाच आठवडा तमिळमध्ये ऐकवला. बुधवारी रेशीम, गुरुवारी काही नाही, शुक्रवारी कापसाची जुनी गादी. शिंपी चाट पडला. गादी सासूची होती आणि ती जाळल्याचं त्यानं घरात सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर त्या गल्लीत चिंधी पेटली नाही, आणि त्यासाठी माझ्या आवाजाची पट्टी एकदाही चढवावी लागली नाही.

अशा माणसाला मी एक दिवस माझ्याबरोबर वस्तीवर नेलं, ही माझी त्या दोन वर्षांतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. तशी मी नेलं म्हणते, ते आपणहूनच बसमध्ये येऊन बसले होते.

पापनाशमला उतरून कालव्याच्या काठानं अर्धा तास चाललं की इरुळर लोकांची वस्ती लागते. इरुळर म्हणजे तिकडचे आदिवासी. अठरा घरं, मधे एक कडुनिंब, भोवती भाताची शेतं. माझं यंत्र जिच्या घरापुढच्या बांबूला होतं ती सेल्वी, पस्तिशीची, दहावी शिकलेली, कामाला चोख. यंत्र पुसायचं, बॅटरी बदलायची, बिघडलं की मला फोन करून झाडायचं, सगळं तीच करायची; माझी तमिळ मोडकीतोडकी, पण झाडलेलं कळायचं. तिच्या घरी तिची सासू होती. तिला सगळे पाट्टी म्हणजे आजी म्हणायचे. पाट्टी उंदीर पकडायची. शेतात उंदीर माजले की शेतकरी इरुळरांना बोलावतात. बुडाला भोक असलेल्या मडक्यात पेंढा कोंबायचा, पेटवायचा, मडक्याचं तोंड बिळाला लावायचं आणि बुडाच्या भोकातून फुंकायचं. बिळात धूर भरला की उंदीर दुसऱ्या तोंडानं बाहेर येतो. जन्मभर धूर फुंकलेली ही बाई. पण तिला खोकला लागायचा तो पहाटे, दोन शेतं आणि कालव्यापलीकडची भाताची गिरणी सुरू झाली की.

गिरणीत भात उकडतात. त्यासाठी बॉयलर, आणि बॉयलरमध्ये जाळायला भाताचंच तूस. पहाटे पाचला एकदा आणि दुपारी चारला एकदा तो पेटायचा. मग वस्तीवर काळी भुकटी उतरायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या घागरीत, ताटातल्या भातावर. आता गिरणीला दुसरा बॉयलर लावायचा होता आणि त्याच्या परवानगीचा अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत पडला होता. एका बॉयलरनं पाट्टीची ही गत, दुसरा आला तर काय, ही सेल्वीची काळजी होती. तिनं हरकत घेतली होती, आणि पुरावा म्हणून तिच्याजवळ माझं ते डबडं होतं.

मामा पहिल्यांदा वस्तीवर आले तेव्हा त्यांनी गर्वानं सांगितलं की सबंध त्रिभुज प्रदेशात माझ्यासारखं नाक नाही. पाट्टीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग दोघांनी कडुनिंबाखाली डोळे मिटून बसायचं आणि वारा आला की धूर ओळखायचा, अशी पैज लागली. मामा म्हणाले, पेंढा. पाट्टी म्हणाली, पेंढा, पण गेल्या हंगामाचा, भिजून वाळलेला. मामा म्हणाले, नारळाची झावळी. पाट्टी म्हणाली, झावळी, आणि खाली एक रबरी चप्पल. सेल्वी धावत जाऊन बघून आली. चप्पल होती. मग पाट्टीनं मामांच्या तोंडासमोर नाक आणून सांगितलं की तू सकाळपासून तीन कॉफ्या प्यालास, त्यातली तिसरी बसस्टँडवरची, वाईट. मामांनी तिथल्या तिथं पाट्टीला नमस्कार केला. त्यानंतर ते आठवड्यातून दोनदा तरी वस्तीवर जायचे, मी असले नसले तरी.

पहिल्या सुनावणीला आम्ही मोठ्या ऐटीत गेलो. कचेरीतल्या अधिकारी बाई मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. मी आलेख पुढे ठेवला: पहाटे पाचला डोंगर, दुपारी चारला डोंगर, रोजच्या रोज. गिरणीचे मॅनेजर फार सभ्य माणूस. ते हसून म्हणाले, मॅडम, पहाटे आणि दुपारी चारनंतर या बायका चुली पेटवतात, अठरा चुली आहेत, लाकडाच्या. शिवाय हे लोक उंदरांना धूर देतात, त्यांचा धंदाच धुराचा. यंत्र त्यांच्याच दारात बांधलंय, मग ते त्यांचाच धूर मोजणार. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला मामांचं वाक्य आठवलं. यंत्रास नाक नाही. बाईंनी तीन आठवडे दिले आणि म्हणाल्या, हा धूर चुलींचा नाही एवढं दाखवा, नाही दाखवता आलं तर मला अर्ज अडवता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये मी मॅनेजरचा उद्धार करत होते आणि सेल्वी खिडकीबाहेर बघत होती. ती एकदाच बोलली. आमच्या सासूचा खोकलासुद्धा आता आमचाच गुन्हा झाला, असं काहीतरी. मामा मिटलेली वही मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, हरले बिचारे.

दोन दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर गॅसच्या शेगडीला चंदन लावून वर फूल ठेवलेलं. मामी म्हणाल्या, आज शिळासप्तमी, शेगडी पेटवायची नाही, कालचंच खायचं. आमच्या सांगलीच्या घरात ही प्रथा कधीच बंद पडली होती. आईकडे चूल नव्हती, मग चुलीला विसावा कसला द्यायचा. इथं मात्र शेकडो कोसांवर ती जिवंत. मामांना तो दिवस वर्षातला सगळ्यात वाईट वाटायचा, कारण कॉफी नाही. मामी आदल्या दिवशीच डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढून ठेवायच्या आणि ते थंड दुधात घालून द्यायच्या, पण मामांच्या लेखी ते औषध. कपाळावर ओलं फडकं ठेवून ते आडवे पडलेले असायचे. त्या दिवशीही पडले होते. आणि एकदम उठून बसले.

"काय गे," ते म्हणाले, "वस्तीनं एक दिवस सप्तमी केली तर?"

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. एक दिवस अठराच्या अठरा चुली बंद. उंदरांचा धूर बंद. वस्तीत ठिणगी नाही. गिरणी मात्र रोजच्यासारखी चालू. मग बघू डोंगर कोणाचा ते.

आम्ही वस्तीवर जाऊन ही योजना मोठ्या गांभीर्यानं मांडली. अख्खा दिवस शिळं खाऊन राहावं लागेल, असं मामांनी अगदी हात जोडून सांगितलं. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. सेल्वी म्हणाली, मामा, पाण्यातला शिळा भात आम्ही आठवड्यातून चार दिवस खातो, त्यात विशेष काय? मामांचा चेहरा पडला. पण सगळ्यांनी कबूल केलं. एक विडी ओढणारे आजोबा होते, त्यांना त्या दिवसापुरतं पापनाशमला लेकीकडे पाठवलं. या दिवशी वस्तीत विस्तव पेटणार नाही, असं सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी लिहून सेल्वीनं कचेरीत आधीच देऊन ठेवलं. आधी लिही, मग भांड.

ठरल्या दिवशी आम्ही पहाटे साडेतीनच्या पहिल्या बसनं निघालो. मामींनी मामांना बाटलीभर थंड डिकॉक्शन दिलं होतं, दिवसभर पुरवायला. पापनाशम यायच्या आत ती बाटली रिकामी झाली. पाचला आम्ही कडुनिंबाखाली होतो. चुली गार. बायका दारात बसलेल्या. पलीकडे गिरणीचा भोंगा झाला, आणि थोड्याच वेळात फोनवरची रेघ चढायला लागली. चढली, चढली आणि रोजच्या जागी पोचली. सेल्वीनं माझा हात घट्ट धरला होता. पाट्टी खोकत होती आणि खोकता खोकता हसत होती. मामा भराभर वहीत लिहीत होते.

मग रेघ उतरली आणि सपाट झाली. आता चारची वाट बघायची. नऊ वाजता मामा कपाळ चोळायला लागले. दहाला त्यांनी रिकामी बाटली पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. साडेदहाला ते कडुनिंबाला टेकून डोळे मिटून बसले, चेहरा पांढराफटक. मी पाय मोकळे करायला कालव्यापाशी गेले होते, सेल्वी पाण्याला गेली होती. परत येऊन बघते तर मामांच्या हातात वाफाळता पेला.

पाट्टी! वस्तीतल्या कोणी पोटासाठी चूल पेटवली नाही, पण दारात आलेला म्हातारा कॉफीवाचून कासावीस झालेला तिला बघवेना. चार झावळ्या पेटवल्या आणि पाच मिनिटांत कॉफी करून आणून दिली. पाहुण्याला तसंच कसं ठेवायचं, असं ती मलाच विचारत होती. आणि मामा इतके कासावीस झाले होते, की दोन घोट पोटात जाईपर्यंत कॉफी गरम आहे म्हणजे काय झालंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. सपाट रेघेवर अकरा वाजता एक टेंगूळ आलं होतं.

दुपारी चारला गिरणीचा दुसरा डोंगर अगदी ठरल्याप्रमाणे आला, पण आनंद करायची सोय नव्हती. घरी येऊन मी मामांच्या खोलीत गेले. त्यांनी वहीत काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं. मी म्हटलं, मामा, ती ओळ खोडा. आपण लिहून दिलंय की विस्तव पेटणार नाही. एक चूल पेटली म्हटलं की तो मॅनेजर म्हणणार, एक पेटली तर अठरा कशावरून नाहीत. टेंगळाचं मी बघते, यंत्रात बिघाड झाला म्हणून सांगते. अठरा घरं दिवसभर शिळ्यावर राहिली ती तुमच्या कॉफीपायी वाया घालवायची का? मी असं टाकून बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

मामांनी वही मिटून उशाशी ठेवली. मग म्हणाले, "माझी कापी पुसलीस, तर गिरणीचा डोंगर खरा कोण मानील गे?"

ओळ खोडली नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी कॉफी सोडली. मामी पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या आणि ते मान फिरवायचे. मामी माझ्याजवळ येऊन रडल्या. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता, दोन्ही एकदम.

सहाव्या दिवशी सुनावणी. मामा आले, पण सहा दिवस कॉफीवाचून काढलेले, डोक्यात सगळं धुकं. अधिकारी बाईंनी आलेख पाहिला, मॅनेजरांनी पाहिला, आणि त्या दिवशी वस्तीत काय काय झालं त्याची नोंद कुठे आहे असं बाईंनी विचारलं. मामांनी वही काढली, खिशातून चष्मा काढला, घातला, आणि हताशपणे उतरवला. मामींचा चष्मा घेऊन आले होते. बाईंनी वही स्वतःकडे घेतली, दोन ओळी वाचायचा प्रयत्न केला, आणि हे तमिळ आहे का, असं विचारलं. मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. मामांचं डोकं चालत नव्हतं, म्हणून ठरलं असं: सेल्वी उभी राहून तमिळ अक्षरं मोठ्यानं वाचणार, अर्थ न कळता. तिच्या तोंडून थोडी वाकडीतिकडी मराठी बाहेर पडणार. ती मी ऐकणार आणि बाईंना इंग्रजीत सांगणार.

सेल्वी वाचत होती. पहाट पाच, चुली अठरा, पेटलेल्या शून्य. वारा गिरणीकडचा. वास तुसाचा. पाट्टीस खोकला. सहा, चुली शून्य. सात, शून्य. मी सांगत होते आणि पुढची ओळ जवळ येत होती. मग सेल्वीनं वाचलं: अकरा. पाट्टीची चूल पेटली. कापी, एक पेला. प्यालों मी. दोष माझा.

कापी आणि पाट्टी हे दोन शब्द तिलाही कळले. ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, माझ्या जिभेवर खोटं तयार होतं. अकरा वाजता यांना कॉफीची फार आठवण आली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, त्या वहीतलं पडताळून बघणारं तिथं मामांखेरीज कोणी नव्हतं. मामा मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी कदाचित खोटं बोलले असते. मी सगळं सांगितलं, झावळ्यांसकट.

मॅनेजर लगेच पुढे सरकले, एक पेटली तर बाकीच्या कशावरून, वगैरे. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि विचारलं, ही चूल यंत्रापासून किती लांब होती.

"पंधरा पावलं," मामा डोळे न उघडता म्हणाले. "मोजलीं आहेत."

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी पेन्सिलीचं टोक अकराच्या टेंगळावर ठेवलं. जरा वेळ तिथंच ठेवलं. मग ते सरकवत चारच्या डोंगराच्या शेंड्यावर नेलं आणि मॅनेजरांना विचारलं, गिरणी किती लांब? दोन शेतं, मधे कालवा, ते म्हणाले.

"पंधरा पावलांवरच्या चुलीचा धूर एवढासा," बाई म्हणाल्या. "मग एवढी मोठी चूल कोणाची?"

मॅनेजरांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या बॉयलरची परवानगी थांबली. पहिल्याच्या धुराड्याला काजळी धरणारं यंत्र लावा आणि राखेचा ढीग झाका, मग बोलू, असा आदेश निघाला. पोंगल म्हणजे तिकडची संक्रांत, ती झाल्यावर ते यंत्र लागलंसुद्धा. पाट्टीचा खोकला पार गेला असं मी म्हणणार नाही, जन्मभराचा धूर आहे तो. पण आता ती पहाटे झोपते, असं सेल्वी सांगते. मी सांगलीला परतले त्याला वर्ष झालं. दर रविवारी मामांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, तिकडे वास कसला. मी आता कुठे भांडायला निघाले की आधी वही शोधते. घरचे म्हणतात, तंजावरला जाऊन पोरगी सुधारली.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. आदेश तोंडी कळल्यावर आम्ही कचेरीच्या पायऱ्या उतरलो. मला मामांची माफी मागायची होती आणि सुरुवात कशी करावी ते कळत नव्हतं. तेवढ्यात सेल्वी तरातरा रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली आणि कॉफीचा पेला घेऊन आली, वर फेस, वाफा निघतायत. मामांनी मान हलवली. ती हटली नाही. पेला तिनं माझ्या हातात दिला, मामांच्या काखेतली वही ओढून घेतली, पायरीवर बसली आणि त्या अकरा वाजताच्या ओळीखाली तमिळ अक्षरांत काहीतरी लिहिलं. मला वाचता येईना, मामांकडे मामींचा चष्मा. तेव्हा तिनंच ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मामांकडून उचललेल्या मराठीत:

"कापी, एक पेला. दोष नाही."

मामांनी तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग माझ्या हातातून पेला घेतला.